पाच हजारांचे बक्षीस आणि भारतरत्न

(भारतरत्न हा आपल्या देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान आहे. १९९७ साली तो अरुणा असफ अली यांना मरणोत्तर देण्यात आला. अरुणा असफ अली कोण होत्या, त्यांनी देशासाठी काय केले आणि भारतरत्न हा सन्मान म्हणजे नेमके काय, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या शाळेत दरवर्षी बक्षीस समारंभ होतो. कोणाला धावण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळते, कोणाला निबंधस्पर्धेत. नाव पुकारले जाते, टाळ्या वाजतात आणि तो मुलगा किंवा ती मुलगी लाजत लाजत व्यासपीठावर जाते. हातात पडते ते एखादे पुस्तक किंवा छोटासा पेला. बाजारात त्याची किंमत फार नसते. तरीही ते बक्षीस घरी कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवले जाते. असे का बरे? कारण त्या वस्तूमागे साऱ्या शाळेने केलेले कौतुक असते.

‘बक्षीस’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्या उर्दूतील ‘बख्शिश’ आणि मराठीतील ‘बक्षीस’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. पण या शब्दाचा आणखी एक उपयोग तुम्ही ऐकला असेल. एखादा माणूस सरकारला सापडत नसला, की त्याला पकडून देणाऱ्यास सरकार बक्षीस जाहीर करते.

आपल्या देशात अशी एक स्त्री होऊन गेली, की जिच्या वाट्याला ही दोन्ही आली. एका सरकारने तिला पकडून देणाऱ्यास पाच हजार रुपयांचे बक्षीस लावले. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने तिला देशातील सर्वांत मोठा सन्मान दिला. तिचे नाव अरुणा असफ अली.

अरुणाजींचा जन्म १६ जुलै १९०९ रोजी कालका या गावी झाला. हे गाव तेव्हा पंजाबात होते, आता ते हरियाणात आहे. त्यांचे माहेरचे आडनाव गांगुली. घराणे बंगाली होते. त्यांचे शिक्षण लाहोर व नैनिताल येथे झाले. त्या काळी मुलींना फारसे शिकवत नसत आणि मुलींनी नोकरी करणे तर लोकांना मुळीच रुचत नसे. अशा काळात अरुणाजी शिकल्या आणि कलकत्त्याच्या गोखले स्मारक शाळेत शिक्षिका झाल्या.

१९२८ साली त्यांनी असफ अली यांच्याशी विवाह केला. असफ अली हे दिल्लीचे नामवंत वकील आणि काँग्रेसचे कार्यकर्ते होते. ते वयाने अरुणाजींपेक्षा वीस वर्षांहून अधिक मोठे होते आणि दोघांचे धर्मही वेगळे होते. घरच्यांना हा विवाह मान्य नव्हता. पण अरुणाजी आपल्या निश्चयापासून ढळल्या नाहीत. एकदा विचारपूर्वक ठरवले की मागे फिरायचे नाही, हा त्यांचा स्वभाव पुढे जन्मभर दिसून आला.

दिल्लीला आल्यावर त्या स्वातंत्र्यचळवळीत ओढल्या गेल्या. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. अरुणाजींनी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. १९३१ साली गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात करार झाला व सत्याग्रही कैदी सुटू लागले. पण अरुणाजींना मात्र सोडले नाही. तेव्हा त्यांच्याबरोबरच्या स्त्री कैद्यांनी काय केले ठाऊक आहे? ‘अरुणा सुटल्याशिवाय आम्हीही बाहेर जाणार नाही,’ असे त्यांनी सांगितले. बाहेर लोकांनीही आवाज उठवला. अखेर सरकारला त्यांना सोडावे लागले.

१९३२ साली त्यांना पुन्हा अटक झाली. दिल्लीच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना फार वाईट वागणूक मिळत होती. तिच्या निषेधार्थ अरुणाजींनी उपोषण केले. त्यामुळे तुरुंगातील परिस्थिती थोडी सुधारली. पण त्यांना मात्र अंबाल्याच्या तुरुंगात नेऊन एकांतवासात ठेवण्यात आले. दुसऱ्यांचे हाल कमी झाले आणि स्वतःचे वाढले, असा हा हिशेब होता.

आता आपण मुंबईला येऊ. ग्रँट रोड स्थानकापासून जवळच एक मैदान आहे. पूर्वी तेथे एक तलाव होता. गवळी आपली गुरे त्या तलावावर धुण्यासाठी आणत, म्हणून त्याला गवालिया टँक असे नाव पडले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. त्या दिवशी ‘चले जाव’चा ठराव मंजूर झाला. इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे, अशी ती स्पष्ट मागणी होती. ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र गांधीजींनी याच वेळी देशाला दिला.

सरकार तयारीतच होते. ९ ऑगस्टची पहाट उजाडण्यापूर्वीच पोलिसांनी घरोघर जाऊन नेत्यांना पकडले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल आणि इतर पुढाऱ्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात नेले. त्यांत असफ अलीही होते. याच किल्ल्यात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली. त्या पुस्तकाचे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल किंवा पुढे ऐकाल.

त्या सकाळी गवालिया टँकवर ध्वजवंदन व्हायचे होते. लोक जमले होते, पण पुढारी एकही नव्हता. मैदानात पोलीस उभे होते. सभेला बंदी होती. अशा वेळी जमलेले लोक काय करतात? बहुतेक वेळा ते गोंधळतात आणि हळूहळू पांगतात. सरकारचीही तीच अपेक्षा होती.

तेवढ्यात तेहतीस वर्षांच्या अरुणाजी पुढे आल्या. पहाटेच त्यांच्या पतीला अटक झाली होती. पण रडत बसायला त्यांना वेळ नव्हता. नेत्यांना पकडून नेल्याची बातमी त्यांनी लोकांना सांगितली आणि तिरंगा ध्वज फडकवला. लगेच पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठीमार केला. लोक जखमी झाले. सभा मोडली; पण चळवळ मोडली नाही. नेते तुरुंगात असले तरी लढा थांबणार नाही, हा संदेश त्या एका कृतीने साऱ्या देशाला मिळाला. त्या मैदानाला आज ‘ऑगस्ट क्रांती मैदान’ म्हणतात.

मुलांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ध्वज फडकवायला किती वेळ लागतो? फार तर एखादे मिनिट. पण त्या एका मिनिटाची किंमत अरुणाजींनी पुढे साडेतीन वर्षे मोजली. त्या भूमिगत झाल्या. भूमिगत होणे म्हणजे जमिनीखाली राहणे नव्हे. सरकारच्या नजरेआड राहून काम करणे. आज या गावी, उद्या त्या गावी. आज एक नाव, उद्या दुसरे. आपल्या माणसांना भेटायचे नाही, पत्र पाठवायचे नाही. दारावर थाप पडली की पोलीस आले असे समजायचे.

अशा धावपळीतही त्यांनी राममनोहर लोहिया यांच्यासह ‘इन्किलाब’ हे मासिक चालवले. इन्किलाब म्हणजे क्रांती, हे तुम्हांला सांगायला नको. सरकार चिडले. त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणून ती विकून टाकण्यात आली. तरी त्या शरण येईनात. मग त्यांना पकडून देणाऱ्यास पाच हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या काळी पाच हजार रुपये ही फार मोठी रक्कम होती. इतक्या पैशांत एखाद्या गरीब कुटुंबाची कित्येक वर्षे गुजराण झाली असती. पण अरुणाजी अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागल्या नाहीत. ज्यांनी त्यांना आसरा दिला, जेवू घातले, निरोप पोहोचवले, ते लोक या मोहाला बळी पडले नाहीत. त्यांची नावे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाहीत.

या पळापळीत अरुणाजींची तब्येत ढासळली. १९४४ साली गांधीजी तुरुंगातून सुटले. त्यांना ही बातमी समजली, तेव्हा त्यांनी अरुणाजींना पत्र लिहिले. पत्रात त्यांनी अरुणाजींच्या धैर्याची स्तुती केली; पण त्यांनी आता प्रकट व्हावे, स्वतःच सरकारच्या स्वाधीन व्हावे आणि ते बक्षीस मिळवून हरिजनांच्या कार्याला द्यावे, असेही सुचवले. अरुणाजींना गांधीजींबद्दल नितांत आदर होता. ते पत्र त्यांनी जपून ठेवले. तरीही त्यांनी तो सल्ला मानला नाही. १९४६ साली सरकारने त्यांच्यावरील वॉरंट मागे घेतले, तेव्हाच त्या उजेडात आल्या.

त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात मुंबईत नौदलातील हिंदी सैनिकांनी इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला. हिंदू व मुसलमान खलाशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अरुणाजींनी या खलाशांची बाजू घेतली. गांधीजींना हा मार्ग पसंत नव्हता. दोघांचा मतभेद उघडपणे लोकांसमोर आला. मोठ्या माणसाचा आदर करावा. पण आपले मत वेगळे असेल तर तेही नम्रपणे आणि निर्भयपणे मांडावे, हे अरुणाजींच्या वागण्यातून शिकण्यासारखे आहे.

देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास अनेकांना मोठमोठी पदे मिळाली. असफ अली हे अमेरिकेतील भारताचे पहिले राजदूत झाले. पुढे ते ओरिसाचे राज्यपालही होते. १९५३ साली त्यांचे निधन झाले. अरुणाजींनी मात्र वेगळी वाट धरली. कामगार व गरीब स्त्रिया यांच्यासाठी काम करणे त्यांना महत्त्वाचे वाटे. काँग्रेस सोडून त्या समाजवाद्यांबरोबर गेल्या, नंतर काही काळ कम्युनिस्ट पक्षात होत्या. १९५४ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला फेडरेशनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

१९५८ साली दिल्ली महानगरपालिका स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या महापौर म्हणून अरुणाजींची निवड झाली. हे वाक्य पुन्हा एकदा नीट वाचा. त्या दिल्लीच्या नुसत्या ‘पहिल्या स्त्री महापौर’ नव्हत्या. त्या पहिल्याच महापौर होत्या. त्यांच्याआधी ते पद कोणा पुरुषालाही मिळाले नव्हते. महापौर हा शहराचा पहिला नागरिक मानला जातो. पिण्याचे पाणी, रस्ते, साफसफाई, दवाखाने, प्राथमिक शाळा ही महानगरपालिकेची कामे असतात. देशाच्या राजधानीत या कामांच्या अग्रस्थानी एक स्त्री बसली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढील काळात त्यांनी ‘लिंक’ हे साप्ताहिक आणि ‘पेट्रिअट’ हे दैनिक यांच्या कामात लक्ष घातले.

सन्मान त्यांच्याकडे चालत आले, पण उशिरा. १९९२ साली ‘चले जाव’ चळवळीला पन्नास वर्षे झाली. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. २९ जुलै १९९६ रोजी वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. त्याच वर्षी शास्त्रज्ञ ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनाही हा सन्मान मिळाला.

आता भारतरत्न म्हणजे काय ते पाहू. रणांगणावरील शौर्याबद्दल सैनिकांना परमवीरचक्रासारखी पदके मिळतात. त्यांखेरीज इतर कार्याबद्दल दिले जाणारे ते नागरी सन्मान. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण आणि सर्वांत वर भारतरत्न असा त्यांचा चढता क्रम आहे. भारतरत्नाची सुरुवात २ जानेवारी १९५४ रोजी झाली. पहिल्या वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आणि डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांना तो मिळाला. पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात आणि राष्ट्रपती सन्मान प्रदान करतात. जात, धर्म, व्यवसाय, पद किंवा स्त्री-पुरुष असा भेद त्यात करायचा नसतो. सुरुवातीला तो फक्त हयात व्यक्तींना देता येत असे. १९५५ साली नियम बदलला आणि मरणोत्तर सन्मान देण्याची सोय झाली.

पदक पिंपळाच्या पानाच्या आकाराचे असते. ते काशाच्या रंगाचे असते. एका बाजूला प्लॅटिनमचा तळपता सूर्य आणि त्याखाली देवनागरीत ‘भारतरत्न’ ही अक्षरे. दुसऱ्या बाजूला आपली राजमुद्रा. पदकासोबत राष्ट्रपतींच्या सहीची सनद मिळते.

आणि पैसे किती मिळतात? एक रुपयाही नाही! शिवाय हे पद नावाच्या मागे किंवा पुढे लावता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद केले आहेत. इंग्रज सरकार आपल्या मर्जीतल्या लोकांना ‘रायबहादूर’, ‘खानबहादूर’ असे किताब देत असे. किताब मिळालेला माणूस इतरांपेक्षा उंच समजला जाई. स्वतंत्र भारतात सारे नागरिक समान आहेत. म्हणून भारतरत्न हा किताब नाही. तो कार्याचा गौरव आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली हेच स्पष्ट केले.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. अरुणाजी तर तेव्हा हयात नव्हत्या. टाळ्या ऐकायला, पदक हाती घ्यायला त्या नव्हत्या. मग या सन्मानाचा उपयोग काय? प्रश्न योग्य आहे. त्यांच्या हयातीतच तो मिळाला असता, तर अधिक बरे झाले असते, असे अनेकांना वाटते. पण सन्मान केवळ घेणाऱ्यासाठी नसतो. तो देणाऱ्यासाठीही असतो. देश जेव्हा एखाद्याला ‘रत्न’ म्हणतो, तेव्हा आपण कोणत्या गुणांना मोल देतो, हे तो पुढच्या पिढीला सांगत असतो. २०२४ सालापर्यंत ५३ जणांना भारतरत्न मिळाले. त्यांत स्त्रिया फक्त पाच आहेत : इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि लता मंगेशकर. ही यादी वाचताना ‘अरुणा असफ अली कोण?’ असा प्रश्न एखाद्या मुलीला पडला आणि तिने उत्तर शोधले, तर त्या सन्मानाने आपले काम केले असे समजावे.

आता ती दोन बक्षिसे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाची किंमत पाच हजार रुपये होती, पण ते घ्यायला कोणी पुढे आले नाही. दुसऱ्यात एक रुपयाही नव्हता, पण त्याहून मोठा सन्मान या देशात नाही. सरकारने जिची किंमत ठरवली होती, तिचे मोल अखेर लोकांनी ठरवले.

मुंबईला गेलात तर ऑगस्ट क्रांती मैदानाला अवश्य भेट द्या. तेथे आज मुले क्रिकेट खेळताना दिसतात. घटकाभर उभे राहून त्या सकाळची आठवण करा. ध्वज फडकवणारीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तिच्यासमोर उभे राहून लाठ्या खाणाऱ्यांची नावे ठाऊक नाहीत. तो सन्मान त्यांचाही आहे.

शब्दार्थ

मरणोत्तर – मृत्यूनंतर
निश्चय – पक्का विचार
एकांतवास – एकट्याला वेगळे ठेवणे
पांगणे – इकडेतिकडे विखुरणे
नितांत – अतिशय
गुजराण – उदरनिर्वाह
हयात – जिवंत
सनद – अधिकृत लेखी पत्र
मोल – किंमत, महत्त्व

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अरुणाजींचा जन्म कोठे झाला?
(आ) ‘चले जाव’चा ठराव कोणत्या तारखेला मंजूर झाला?
(इ) भारतरत्नाचे पदक कोणत्या आकाराचे असते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १९३१ साली स्त्री कैद्यांनी तुरुंगाबाहेर जाण्यास नकार का दिला?
(आ) भारतरत्न हा किताब का नाही?
(इ) ‘सन्मान देणाऱ्यासाठीही असतो’ असे लेखक का म्हणतो?

३. पुढील शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे वापरतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
बक्षीस, वकील, जप्ती, सनद, हयात

४. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
खांद्याला खांदा लावणे, मोहाला बळी पडणे, आवाज उठवणे

५. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात लोकांसाठी झटलेल्या, पण कोणताही सन्मान न मिळालेल्या एका व्यक्तीविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.